बटणांचा फोन आणि बाबांची बोटं

मी बटणांचा फोन घेतला तो आमच्या साहेबांच्या सासूबाईंमुळे. त्या वारल्या. ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला, मी सांत्वनाच्या दोन ओळी जुळवत होते, तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि मी दचकले. (बेल वाजणार हे माहीत असलं तरी मी दचकते. कधी कधी तर मीच वाजवलेली असते.) काचेवर बोट घसरलं आणि सासूबाईंच्या निधनाखाली माझ्या नावाने टाळ्या उमटल्या. त्या पुसायला गेले, तर फुगे गेले.

नोकरीत कायम व्हायला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. अडकलेली माणसं मेसेज करतात, फोन करतात, आणि त्यांना धीर द्यायला कंपनीने नेमकं मला ठेवलं आहे. एक गृहस्थ तर आत अडकलेले असताना मलाच म्हणाले, "बाई, तुम्ही आधी पाणी प्या. मी थांबतो." मी स्वतः लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे आणि माझे गुडघे माझ्या वयापेक्षा बरेच मोठे आहेत.

तर असा फोन हवा होता, ज्यात बटण मुद्दाम दाबल्याशिवाय काहीही होणार नाही. दुरुस्तीवाल्याने खणाच्या तळातून एक काढून दिला. खाली टाइपरायटरसारख्या खऱ्या बटणांच्या चार ओळी.

"ताई, हा आता कोणी घेत नाही."

"का?"

"माणसं पुढे गेली," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून घाईघाईने पावती फाडू लागला.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत इंग्रजी टायपिंग केलं. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. जेवणार का? हं. बरं वाटतंय का? हं. दोन वर्षं आमच्या घरात एवढंच संभाषण. फक्त त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू चालत असत, काहीतरी टाइप करत असल्यासारखी. कुणाला, ते मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून एका तक्रारीला उत्तर लिहीत होते. टक टक टक. खुर्चीतून आवाज आला.

"स्पेस फार जोरात मारतेस."

मी इतकी दचकले की फोन पडला. (बटणांचा असल्याने काहीही गेलं नाही.) दोन वर्षांतलं बाबांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं ते.

"तुम्ही बघता का जरा?" मी फोन पुढे केला.

त्यांनी चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांत धरला आणि बोटं फिरवली. "बटणं बारीक आहेत," म्हणाले. "पण मशीन चांगलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी घरी आले की फोन त्यांच्याकडे. मी सांगायची, ते टाइप करायचे. जेवायला दोन पोळ्यांऐवजी तीन घेऊ लागले. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मला रडूच आलं.

आता माझी एक खोड सांगायला हवी. साहेब रागावले की मी घरी येऊन राजीनामा लिहिते. पाठवत नाही. मसुद्यांत ठेवून देते आणि मग मला शांत झोप लागते. साडेपाच महिन्यांत असे नऊ जमले होते. सगळ्यांत जोरकस होता तो सातवा. त्यात मी लिहिलं होतं की मला लिफ्टची भीती वाटते, अडकलेल्या माणसांपेक्षा मीच जास्त घाबरते, आणि मला या कामावर ठेवणाऱ्याच्या बुद्धीची तपासणी व्हायला हवी.

रविवारी सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालून आले, तर बाबा ताठ बसले होते. चेहऱ्यावर समाधान.

"एवढे मसुदे तुंबवून ठेवतात का गं? मसुदा पडून राहिला तर नाव टायपिस्टचं खराब होतं."

माझ्या हातातली बादली पडली.

"काय केलंत बाबा?"

"त्यातल्या त्यात पूर्ण झालेला एक घेतला. स्वच्छ प्रत केली. समास सोडले. रवाना केला."

"वाचलात तुम्ही?"

"टायपिस्टने मजकूर वाचायचा नसतो," बाबा म्हणाले. "अक्षरं बघायची. चौतीस वर्षांत मी एकही मजकूर वाचला नाही, म्हणून तर एकही चूक झाली नाही."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला तेव्हा ते हसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, "छान झालंय." दुसरं काय म्हणणार?

सोमवारी चार मजले चढून गेले. साहेबांच्या टेबलावर माझं पत्र छापून ठेवलं होतं.

"बसा. सहा महिन्यांत तुमच्याकडून आलेलं हे पहिलं नीट पत्र."

"साहेब, ते चुकून..."

"चूक कुठेच नाही. मी दोनदा शोधली. समास बघा. परिच्छेद बघा." मग त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही बारीक आद्याक्षरं कुणाची?"

"टाइप करणाऱ्याची. माझे बाबा. जुनी पद्धत आहे."

"रिकामे असतात?"

मला घरातली ती खुर्ची आठवली. हातावर चालणारी बोटं आठवली. "असतात," मी म्हणाले.

"उद्यापासून पाठवा. पत्रांची फार आबाळ आहे इथे."

"आणि मी?"

साहेबांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. "तुम्ही लिहिलंय ते सगळं पटलं हो मला," ते म्हणाले. "बुद्धीचं सोडून."

मंगळवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी साइटवर जाणार असल्याचं सांगून घरी थांबले, आणि करायला काही नव्हतं म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. दुपारी फोनवर कंपनीचं पत्र आलं. माझा राजीनामा मंजूर. समास सुरेख होते. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक आद्याक्षरं.

संध्याकाळी बाबा आले ते बोलतच.

"लिफ्टने गेलो. काही होत नाही गं, तू उगाच घाबरतेस. तीन पत्रं झाली. एकातही खाडाखोड नाही."

"कशाबद्दल होती?"

"मजकूर मी कुठे वाचतो?" त्यांनी चप्पल काढली आणि जरा थांबले. "तिसऱ्यात नाव टाइप करताना मात्र बोटं सरसर गेली. सवयीचं असल्यासारखी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू उद्या किती वाजता निघतेस? बरोबरच जाऊ."

"हं," मी म्हणाले.