गोलकीपरची वांगी

बौशरमधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मस्कतच्या उन्हाशी भांडून भाज्या पिकवणाऱ्या उत्तराला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इटलीतला ब्रुनो फेरांती तिला मोबाइलवर दिसला तो टोमॅटोच्या वाफ्यात. त्याला लाखो लोक का फॉलो करतात, हा प्रश्न तिला पडलाच नाही. माती चांगली होती, एवढं तिला पुरे होतं. एकदा मात्र त्याच्या रोपांची पांढुरकी पानं बघून तिला राहवेना. ‘भुरी आलीय. आंबट ताक पाण्यात मिसळून फवारा,’ असं तिने व्हिडिओखाली चक्क मराठीत लिहिलं.

ब्रुनोने ते मोबाइलवर भाषांतर करून वाचलं. थोड्याच दिवसांत त्याने हिरव्यागार पानांचा व्हिडिओ टाकला आणि ‘मस्कतच्या सिन्योरा उत्तरां’चे हात जोडून आभार मानले.

तिचा नवरा शिरीष खेळाच्या सामानाच्या दुकानात मॅनेजर होता. दुसऱ्या दिवशी तो पोचतो न पोचतो तोच मालक मुआज मोबाइल नाचवत आला.

“शिरीष भाई, ही तुमची मॅडम?”

“हो. का?”

“का म्हणजे? फेरांती! इटलीचा गोलकीपर! तो रिटायर झाला तेव्हा मी जेवलो नव्हतो!”

शिरीषची मान ताठ झाली. “अहो, घरोबाच आहे आमचा,” तो बोलून गेला.

“मग नव्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलवा ना!”

“इन्शाल्ला,” शिरीष म्हणाला. विषय टाळायला याहून सोयीचा शब्द नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मुआजने मात्र तो मनापासून ऐकला. संध्याकाळी नव्या दुकानावर ब्रुनोचं भलंमोठं पोस्टर चढलं.

“गोलकीपर?” घरी उत्तरा म्हणाली. “मला वाटलं शेतकरी आहे बिचारा!”

“त्याला बोलव गं. नाहीतर माझी नोकरी खलास!”

“अहो, आमची ओळख ताकापुरती. कुठल्या तोंडाने बोलवू?”

शेवटी तिने खरं तेच लिहिलं : ‘माझ्या नवऱ्याने फुशारकी मारली आणि आता अडकलाय.’

ब्रुनोचं उत्तर आलं : ‘मीही नवराच आहे, समजू शकतो. गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. व्हिडिओ कॉल करतो.’

मुआज जरा खट्टू झाला, पण त्याने दुकानात मोठा पडदा लावला. उद्घाटनाला जर्सी घातलेली ही गर्दी! ब्रुनो पडद्यावर दिसताच शिट्ट्या सुरू झाल्या. मुआज माइक घेऊन सगळ्यात पुढे उभा होता. फायनलमधली ती गाजलेली पेनल्टी ब्रुनोने कशी अडवली, हे त्याला कित्येक वर्षं विचारायचं होतं.

“सिन्योरा उत्तरा कुठे आहेत?” ब्रुनोने आधी विचारलं आणि कॅमेऱ्यासमोर एक वांगं धरलं. वांग्याला भोक होतं.

उत्तरा मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावू लागली. “अळी आधी शेंड्यात शिरते. सुकलेले शेंडे तोडा आणि लांब नेऊन पुरा.”

“आणि कीड लागलेली वांगी?”

“तीसुद्धा. जीव अडकवू नका त्यांच्यात.”

गर्दीतले काही जण मोबाइलवर टिपून घेऊ लागले. मागून कुणीतरी मिरचीचं विचारलं, त्यावरही चर्चा झाली. शिरीष घामाघूम झाला. पेनल्टीचं नाव नाही! इतक्यात मुआजने माइक तोंडाशी नेला. आता आपलं काही खरं नाही म्हणून शिरीषने डोळे मिटले.

“मॅडम,” पडद्याकडे पाठ करून मुआज अजिजीने म्हणाला, “निझव्याला, आमच्या गावी, माझ्या वडिलांनी लावलेलं लिंबू आहे. फुलं भरपूर येतात, पण सगळी गळतात.”

“पाणी किती देता?”

“रोज! अगदी भरपूर!”

“तिथेच चुकतंय तुमचं—”

“सिन्योरा, जरा मोठ्याने!” पडद्यावरून ब्रुनो ओरडला. “लिंबू माझ्याकडेही आहे.”