सबनीसांचा डेक

मार्तंड सबनीस भाजी आणायला निघाले तेव्हा त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या काखेत गाडीतला कॅसेटचा डेक. पिशवी त्यांच्या बायकोने, मृणालिनीबाईंनी दिली होती आणि डेक बाईंच्या भावाने, चंद्रप्रकाशने. त्यातली पिशवी हरवली असती तर चाललं असतं.

डेक जपानी होता. चंद्रप्रकाशने तो मस्कतहून आणला, स्वतः उभं राहून सबनीसांच्या जुन्या फियाटमध्ये बसवून घेतला आणि परत जाताना विमानतळावर भाऊजींचा हात धरून सांगितलं, "गाडी गेली तरी चालेल भाऊजी, पण याला जपा." त्या वर्षी मुलुंड पूर्वेला डेक चोरीला जायची साथच आली होती. एकट्या त्यांच्या गल्लीत गणपतीपासून दिवाळीपर्यंत चार गेले. म्हणून मिस्त्रीने ओढून काढायची सोय करून दिली होती. कडी धरून खेचलं की डेक खणातून सरकन बाहेर येई आणि गाडीत फक्त एक चौकोनी भोक राही. भोक कोणी चोरत नाही.

अडचण एवढीच, की बाहेर काढलेला डेक कुठेतरी ठेवावा लागतो. सबनीस तो बरोबर ठेवत. दाताच्या डॉक्टरकडे तो त्यांच्या मांडीवर असे. जोगेश्वरीला एका मावसभावाकडे समाचाराला गेले तेव्हाही होता. तिथल्या मंडळींना वाटलं, काहीतरी खायला करून आणलंय. सबनीसांनी तो घट्ट धरून ठेवला तेव्हा ती मंडळी जरा नाराज झाली.

सबनीस माणूस भला, पण भिडस्त. कोणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की ते चष्मा पुसायला घेत, आणि चष्मा पुसून होईपर्यंत होकार झालेला असे. अशा माणसाने मौल्यवान वस्तू घेऊन लोकांत फिरू नये. पण हे सांगणार कोण?

मार्गशीर्षात ऑफिसातल्या त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या मधुकर पेडणेकरांच्या मुलाचं, अनंताचं लग्न निघालं. हॉल मुलुंडचाच. आहेराला मृणालिनीबाईंनी सरबताच्या ग्लासांचा सेट घेतला आणि सोनेरी कागदात बांधला. कागद बराच उरला. सबनीसांच्या नव्या शर्टाला वंगण लागू नये म्हणून उरलेल्या कागदात त्यांनी डेक गुंडाळून दिला. पुढे सगळं जे झालं त्याला कोण जबाबदार यावर त्या घरात बरेच दिवस वाद चालला, आणि कागदाचा मुद्दा निघाला की मृणालिनीबाई स्वयंपाकघरात जात.

हॉलमध्ये ग्लासांचा सेट रीतसर देऊन झाला आणि सबनीस स्टेजवर गेले. अनंत आणि त्याची बायको कुंदा नमस्काराला वाकली. आशीर्वादाला हात उचलायचा तर काखेतलं पुडकं पडणार. सबनीस अर्धवट वाकून, कोपर आवळून उभे राहिले. ते अनंताच्या आत्येने, शकुआत्येने पाहिलं. सकाळपासून तिने दीडशे लोकांचे हात मोकळे केले होते.

"द्या ओ इकडे, मी ठेवते."

"अहो, तो आमचा..."

"तुमचाच ना. समजलं. नाव सांगते मी."

तेवढ्यात फोटोग्राफर "स्माइल" म्हणाला. सबनीस हसले. फोटो झकास आला, पण पुडकं गेलं.

ते धावतच खाली आले. आहेराच्या टेबलाशी पेडणेकरांचे गुणाजीकाका वही घेऊन बसले होते. गिरणीच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं हजेरी लिहून ते निवृत्त झालेले. वहीत शाई ओली होती: 'सबनीस, मुलुंड. दुसरा आहेर. जड.'

"काका, जरा चूक झाली," सबनीस म्हणाले. "तो आहेर नाही."

"मगे काय आसा?"

"आमची वस्तू आहे. घरची."

"आहेर घरातलोच देतत." काकांनी वही मिटली. "चौतीस वरसात एक हजेरी खोडूक नाय मी. आणि शुभ कार्यात खोडाखोड बरी नाय."

मागे रांग लागली होती. रांगेतल्या एका बाईने "आटपा ना" म्हटलं. सबनीसांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

घरी येताना फियाटमध्ये फक्त चौकोनी भोक होतं. नाक्यावर मृणालिनीबाई म्हणाल्या, "चंदू पुढच्या रविवारी येतोय. विमानतळावरून बाहेर आला की आधी काय बघेल?"

"तुला."

"डेक बघेल. उद्या ऑफिसात पेडणेकरांना स्पष्ट सांगा. एका वाक्याचं काम आहे."

सबनीसांनी ते वाक्य रात्री तयार केलं, सकाळी दाढी करताना पाठ केलं आणि ऑफिसात पोचले. पेडणेकर पेढे घेऊन उभेच होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सबनीस, सख्ख्या भावाने स्टीलचा डबा दिला रे. आणि तू? जपानी मशीन! शकु म्हणाली, देताना तुझा हात सुटत नव्हता. एवढ्या प्रेमाची वस्तू दिलीस."

सबनीसांनी पेढा खाल्ला. सगळं ऑफिस त्यांच्याकडे आदराने बघत होतं. वाक्य पेढ्याबरोबर खाली गेलं.

"गुरुवारी सत्यनारायण आहे," पेडणेकर म्हणाले. "वहिनींना घेऊन ये. नाही म्हणायचं नाही."

ती भीती नव्हतीच.

गुरुवारी दोघं भांडुपला पेडणेकरांकडे गेली. जाताना मृणालिनीबाईंनी बजावलं, "आज तुम्ही बोलायचं नाही. मी बोलणार." पण दारातच त्यांची ओटी भरली, हातात हिरवं लुगडं ठेवलं आणि पाटावर बसवलं. घरातल्या सगळ्या बाया कौतुकाने बघत होत्या. मृणालिनीबाईंचंही वाक्य लुगड्याच्या घडीत अडकलं.

डेक शोकेसवर होता. खाली विणलेला रुमाल, वर हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल. कॅसेट घालायच्या फटीत कोणीतरी उदबत्ती खोचली होती.

"सबनीसकाका, एक विचारायचं होतं," अनंत म्हणाला. "याला मागे वायरच नाही. चालू कसा करायचा?"

"हो डेक बोलत कित्याक नाय?" कोपऱ्यातून अनंताची आजी, जानकीआजी म्हणाली. तिला दशावताराची कॅसेट ऐकायची होती. गावाहून मुद्दाम मागवली होती.

सबनीसांना एकदम वाट दिसली. खरं बोलायचं आणि कोणाला दुखवायचंही नाही, असा योग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. ते म्हणाले, "त्याचं काय आहे, तो घरात चालत नाही. गाडीतच चालतो. गाडी नसेल तर काही उपयोग नाही त्याचा." आणि आता पेडणेकर 'मग तूच घेऊन जा' म्हणतील म्हणून त्यांच्याकडे बघत राहिले.

आतून शकुआत्या बाहेर आली.

"मगे गाडी कधी येतली?" जानकीआजीने विचारलं.

सगळं घर सबनीसांकडे बघू लागलं. कुंदाच्या माहेरची चार माणसंही बघू लागली. सबनीसांचा हात चष्म्याकडे गेला. मृणालिनीबाईंनी तो वरच्यावर धरला. चष्मा पुसला गेला असता तर फियाट गेली असती.

"आजी, गाडी काही येत नाही," त्या म्हणाल्या. "गाडी आमच्याकडे एकच आहे. त्यापेक्षा डेकच आम्ही..."

"छे छे, वहिनी!" पेडणेकर कळवळले. "आहेर परत कसा द्यायचा? पोराच्या संसाराला बरं का ते?"

पेच पडला. तो गुणाजीकाकांनी सोडवला. त्यांनी वही मागवली, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डेक अनंताचो. रवतलो सबनीसांच्या गाडयेत. दोनय गजाली रवल्यो." मग 'दुसरा आहेर'समोर त्यांनी लिहिलं, 'बदलीवर. मुलुंड.' काही न खोडता.

सबनीसांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. डेक परत आला, तोही रविवारच्या तीन दिवस आधी. फूल काढून, उदबत्तीची काडी झटकून अनंताने तो स्वतःच्या हाताने त्यांच्या काखेत दिला.

"पण काका, पहिल्यांदा आम्ही ऐकायचा हं. आजीला घेऊन रविवारी येऊ?"

"रविवारी जरा विमानतळावर..." सबनीस म्हणाले.

"अरे वा. आजीने विमानतळ पण बघितलेला नाही."

मृणालिनीबाईंचा हात या वेळी प्रसादाच्या वाटीत होता. तो मोकळा होईपर्यंत चष्मा पुसून झाला होता.

रविवारी सकाळी फियाटमध्ये पुढे सबनीस, जानकीआजी आणि मृणालिनीबाई, मागे पेडणेकर, अनंत आणि कुंदा असे सहाजण विमानतळाकडे निघाले. दशावतार मुलुंडपासूनच सुरू झाला होता. मृदंग आणि झांजा ऐकून सिग्नलला माणसं वळून बघत होती. आजीने डॅशबोर्डवर ताल धरला होता.

चंद्रप्रकाश बाहेर आला तो दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक खोकं घेऊन. त्याने आधी डेक बघितला. मग आजीला बघितलं.

"हे कोण, ताई?"

"तुझ्या भाऊजींच्या ऑफिसातले."

पेडणेकर समजूतदार माणूस. लगेच खाली उतरले. "सबनीस, तुम्ही घरची माणसं जा गाडीने. आम्ही बसने जातो. आजीला उठवतो फक्त."

इथे सबनीसांनी नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं.

"छे छे, बसा हो," सबनीस म्हणाले. "तुमचा डेक, आणि तुम्ही बसने?"

पेडणेकर बसले. फियाट वळली आणि झांजांच्या गजरात रस्त्याला लागली. भावाबरोबर फुटपाथवर उरलेल्या मृणालिनीबाईंनी हात करून टॅक्सी थांबवली. बॅगा डिकीत गेल्या. खोकं मांडीवर घेऊन चंद्रप्रकाश मागच्या सीटवर टेकला आणि पुढे चाललेल्या फियाटकडे बघत राहिला.

"काही म्हण ताई," दुसऱ्या सिग्नलला तो म्हणाला, "भाऊजींनी डेक मात्र जपलाय. इथपर्यंत ऐकू येतोय."

"हो."

"या खोक्यात त्यांच्यासाठी स्पीकर आणलेत. मोठे. मागच्या काचेपाशी बसवायचे. घरी गेल्यावर त्यांना..."

"चंदू," मृणालिनीबाईंनी खोकं त्याच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. "हे त्यांना दाखवू नकोस."