प्रधान मॅडम आणि एकोणतीस अंश

आमच्या प्रधान मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी थर्मोस्टॅटकडे बघतात आणि मग यजमानाकडे. आकडा पटला तर बसतात. नाही पटला तर उभ्यानेच विचारतात, "हे कुणी केलं?"

आखातातल्या फुजैरात आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. शाळेत फिजिक्स शिकवतात. वय पंचावन्नच्या पुढे, पण जिने चढतात, कारण लिफ्टमधला एसी त्यांच्या मते "अडाणी" आहे.

आमच्याकडे गणपतीच्या आरतीला वीस माणसं जमली होती. कुणीतरी एसी सोळावर नेला. मॅडमनी आरती संपेपर्यंत धीर धरला, मग प्रसाद हातात घेऊन म्हणाल्या, "रिक्षावाल्याला कोल्हापूरला चल म्हटलं, तर तो कोपऱ्यापर्यंत लवकर पोचतो का? मशीन त्याच्या चालीनंच जाणार. एसी थंडी तयार करत नाही, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हमाल आहे तो, जादूगार नाही."

माझी मुलगी इरा म्हणाली, "बट मिस, इट्स बॉइलिंग."

"चोवीस. दहा मिनिटं थांब. खलास."

ऑफिसला जाताना काय करायचं, हेही ठरलेलं. बंद करायचा नाही. तीन-चार अंश वर चढवून जायचं. "बंद केलात तर दिवसभर भिंती तापतात, सोफा तापतो. संध्याकाळी त्या बिचाऱ्याला सगळं एकदम उपसावं लागतं. आणि अर्ध्या तासासाठी बाहेर जाताय तर हातच लावू नका."

आम्ही हसायचो. पहिल्या उन्हाळ्यात दोन महिने भारतात गेलो, तेव्हा शहाणपणा करून एसी बंद करून गेलो. परत आलो तर माझ्या चामड्याच्या बुटांना हिरवी लव आली होती आणि बायकोचा लग्नातला शेला कुबट वासानं भरला होता. मॅडमनी बूट उचलून पाहिले, रागावल्या नाहीत. "पुढच्या वर्षी किल्ली माझ्याकडे द्या," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून उन्हाळ्यात निम्म्या बिल्डिंगच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. शाळेला सुट्टी, माणसं गावाला, आणि मॅडम एसी एकोणतीसवर चालू ठेवून एकेका घरी जाऊन तापमान आणि दमटपणा बघतात. आम्ही रत्नागिरीत पावसात भजी खात असताना मेसेज यायचा, "फ्लॅट ३०४. एकोणतीस अंश. हवा कोरडी. सर्व खुशाल." परतीच्या विमानात बसलो की कळवायचं, म्हणजे त्या एकेक अंश खाली आणत. दार उघडलं की घर चोवीसवर, जणू आपण कोपऱ्यावर जाऊन आलोय.

गेल्या जुलैत ऑफिसनं मला अचानक लवकर बोलावलं. बायको आणि इरा तिकडेच राहिल्या. घाईत मॅडमना कळवायचं राहून गेलं. दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. दाराला कुलूप नव्हतं, आतून नाट्यगीत ऐकू येत होतं.

मॅडम आमच्या डायनिंग टेबलाशी बसून डबा खात होत्या. पोळी, भेंडीची भाजी. शेजारी फोन गात होता. थर्मोस्टॅटवर एकोणतीस. स्वतःसाठी त्यांनी एक अंशही खाली आणला नव्हता, कपाळावर घाम होता.

मला बघून त्या उठल्याच. "रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागतो," म्हणाल्या. मग फोन बंद केला. "खरं सांगू, साठे? रोज एका घरी जेवते. सोमवारी तुमच्याकडे. तुमची भांडी वापरत नाही."

"वापरा की. पण तुमच्या घरी काय झालं?"

"काही नाही. तिथे सगळं बरोबर असतं. तपासायला काही नसतं." डब्याचं झाकण त्या उगाच फिरवत राहिल्या. "इथे इराची चित्रं आहेत भिंतीवर. दाराशी तुमच्या सगळ्यांच्या चपला. बरं वाटतं जेवायला."

"तुम्ही का नाही जात सुट्टीत तुमच्या पुण्याला?"

"आई गेली, मग दादानं फ्लॅट विकला. आपल्याच गावात हॉटेलात उतरून काय करायचं?"

त्या डबा बंद करू लागल्या आणि हात थर्मोस्टॅटकडे गेला. "कळवलं असतंत तर थंड करून ठेवलं असतं."

"मॅडम, बसा. जेवण पुरं करा. मी चहाला दूध घेऊन येतो, दोघं घेऊ."

त्यांनी हात मागे घेतला आणि त्या बसल्या.

दूध खालच्या दुकानातच मिळतं. तरी मी उन्हातून चालत चौकातल्या राउंडअबाउटच्या पलीकडच्या दुकानात गेलो, आणि परत येतानाही फारशी घाई केली नाही.