कलकत्त्याची डोंगरगाडी

शहराची उंची डोंगरावर नव्हे, मंजुरीवर अवलंबून असते. कलकत्त्याला डोंगरगाडी मंजूर झाली ती १९५१ साली. कलकत्त्यात डोंगर नाही, ही किरकोळ अडचण दुसऱ्या खात्याकडे सोपवण्यात आली.

अशा गाडीत एका दोराला दोन डबे असतात. एक उतरतो, त्याच्या वजनाने दुसरा चढतो. सियालदहजवळच्या सपाट मैदानात दोन्ही डबे समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांचा मान राखून जागचे हलले नाहीत. अपघात : शून्य. (उशीर : तोही शून्य. निघाल्याशिवाय उशीर धरता येत नाही.)

या कामावर नागपूरचे श्यामकांतराव साहेब होते. गाडी सुरू झाली की नागपूरला बदली, असा हुकूम होता. त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी ट्रंका भरूनच ठेवल्या होत्या. नागपुरात त्यांची आई एकटी होती आणि तिची दृष्टी चालली होती. "मला दिसतेस तोवर ये," असा तिचा निरोप होता.

उद्घाटनाला दिल्लीहून उपमंत्री आले. सगळे डब्यात बसले, शिट्टी झाली, बँड वाजला. डबा तिथेच.

"वा!" उपमंत्री म्हणाले, "धक्का म्हणून जाणवला नाही!"

त्यासरशी मागच्या बाकावरच्या बाबूमंडळींनी पिशव्यांतून मफलर काढून गळ्याला गुंडाळले. (महिना मे.) एकाला तर उंचीमुळे कानात दडे बसले.

श्यामलाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अहो, हलतेय कुठे ही?"

"चढतेय," श्यामकांतराव समोर बघत म्हणाले. "आईंकडे जायचंय ना?"

उपमंत्री वळले. "बाई, वरून काय दिसतंय?"

खिडकीबाहेर गोदामाची भिंत होती. श्यामलाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आमचं नागपूर," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. उद्घाटनात तेवढंच खरं होतं.

उपमंत्री भारावले. नागपूर दिसेल इतकी उंच गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती देणं धोक्याचं होतं. श्यामकांतरावांना त्याच जागी कायम करण्यात आलं, कलकत्त्यात. श्यामलाबाईंना आईला बघता यावं म्हणून डोंगरगाडीचा दर रविवारचा फुकट पास मिळाला. पावसाळ्यात आईची दृष्टी गेली. श्यामलाबाई अजूनही डब्यात जाऊन बसतात.

आपण हसलात, हरकत नाही. फक्त पुढच्या सभेत "आपण किती वर आलो!" असं कोणी म्हणालं, की टाळी वाजवण्याआधी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघा. मफलर बहुधा असेलच.