काशीरामने चहा नाकारला

या गुरुवारी कागद कोरा न्यायचा नाही, असं काशीरामने रुक्मिणीला छातीठोकपणे सांगितलं. तीन आठवडे तो हेच सांगत होता. दोन वर्षांपूर्वी गिरणीतली नोकरी सुटली आणि तेव्हापासून तो अंधेरीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. शेवटी बायकोने, रुक्मिणीनेच, त्याला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर अनुपमाबाई अशाच आठ-दहा उदास माणसांना दर गुरुवारी गोल बसवत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मन लागलं की उठू म्हणाल तर उठणंच होणार नाही. आधी उठा, काहीतरी करा, मन मागून येईल. केलेलं काम कागदावर लिहायचं आणि किती बरं वाटलं त्याला दहापैकी गुण द्यायचे. चौथाही कागद कोरा गेला तर दवाखाना सोडायचा, हे काशीरामने मनाशी ठरवून टाकलं होतं. रुक्मिणीला ते न सांगता कळलं होतं आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

या खेपेचं काम होतं, ओळखीच्या घरी जाऊन बसणे. रुक्मिणीने त्याला दाढी करायला लावली, पांढरा सदरा चढवला आणि सकाळीच मरोळला गाववाल्या सीतारामकडे पिटाळलं.

आता गंमत अशी, की सीतारामची खोली पोस्टमनला कधी सापडत नसे. त्यामुळे त्याच्या गावची तार यायची ती काशीरामच्या पत्त्यावर. गावात सीतारामची म्हातारी आई एकटी. आणि वर्षभर कुणाला न दिसलेला काशीराम दारात उभा, तसलं तोंड घेऊन!

सीतारामच्या बायकोने, माणिकवहिनींनी, चहा पुढे केला. काशीरामला चहाची वासनाच उरली नव्हती. तो नको म्हणाला.

त्यांच्या गावात मरणाची खबर आणणारा माणूस त्या घरचा चहा घेत नाही. वहिनींच्या हातातली बशी खाली पडली.

"काशा, आवस गेली मां?" सीतारामने आईचंच विचारलं.

काशीरामला हल्ली साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाही वेळ लागे. तेवढ्यात वहिनींनी हंबरडा फोडला, शेजारणी धावल्या, एसटीच्या तिकिटांना माणूस पळाला आणि सीताराम त्याच्या गळ्यात पडला. गळ्यात पडलेल्या माणसाला 'मी नुसता बसायला आलोय' असं सांगायचं कसं? काशीरामही रडला. चांगला हुंदके देऊन रडला.

आम्ही येईपर्यंत म्हातारीला उचलू नका, एवढं सांगायला दुपारी गावच्या पोस्टात ट्रंककॉल लावला. पोस्टमास्तरांनी घरी निरोप धाडला, तर म्हातारी स्वतःच फोनवर येऊन विचारू लागली, कोण गेलं म्हणून.

मग काशीरामची जी हजेरी घेतली गेली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

गुरुवारी अनुपमाबाईंनी कागद पाहिला. ओळखीच्या घरी बसणे, दहापैकी आठ! बाई हरखल्या. एवढं काय आवडलं, त्यांनी विचारलं.

काशीरामने नेहमीसारखाच वेळ घेतला.

"सगळे रडत होते, बाई. त्यात मीपण रडलो. पयल्यांदाच कुणी इचारलं नाय, का रडतोस म्हणून."

बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग नव्या कागदावर पुढच्या आठवड्याचं काम लिहून दिलं: त्याच घरी जाऊन चहा पिणे.