दम लागणारी गाडी आणि गुरुपादप्पा

गुरुपादप्पा डिझेल चाखतात. डिझेलचा वास घेणारे मेकॅनिक पुष्कळ असतील, पण अप्पा करंगळी बाटलीत बुडवतात, जिभेच्या शेंड्यावर टेकवतात, डोळे मिटतात आणि आपण श्वास रोखून उभे असताना आमच्या तुळशीपासून बरोबर चार हात लांब थुंकतात. मग निकाल येतो. "पाणी न्हाई. रॉकेल बी न्हाई. माल चांगला हाय, पोटात गडबड हाय." माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी चहाचा एक कप वेगळा ठेवलाय. त्यांच्या मिशीचा वास कपाला राहतो, असं तिचं म्हणणं. अप्पांना वाटतं तो मानाचा कप आहे.

बिदर जिल्ह्यात मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या अंगाला आमची गल्ली, आणि गल्लीत आमची घरं समोरासमोर. मी हायस्कुलात गणित शिकवतो. अप्पा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सगळी नोकरी म्हशींच्या नरड्यात औषध ओतण्यात गेली. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर माणसं मठात शरणांची वचनं म्हणत बसतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या सुनांवर लक्ष ठेवतात. अप्पांनी गाड्या धरल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. गिअर कुठला आणि हँडब्रेक कुठला, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते माझ्या चुका असल्यासारखं ऐकून घेतलंय.

"मुकं हाय ते, आपुनच इचारावं लागतंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पूर्वी ते म्हशीला उद्देशून म्हणत, आता रेडिएटरकडं बघून म्हणतात. दवाखान्यातून येताना त्यांनी कोऱ्या केस पेपरांचा गठ्ठा आणला होता. गाडी तपासण्याआधी तो भरावा लागतो. 'जात' या रकान्यात डिझेल. 'वेत किती' म्हणजे मालक किती बदलले. 'शेण कसं आहे' म्हणजे धूर कुठल्या रंगाचा. 'दात' हा रकाना ते मोकळा सोडतात, पण सोडताना थोडा वेळ विचार करतात.

त्यांचं निदान नेहमी बरोबर येतं असं समजू नका. एकदा बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याची जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. अप्पांनी तिच्याभोवती दीड तास फेऱ्या मारल्या, पंपाची रचना समजावून सांगितली, काडीनं मातीत नळ्यांचा नकाशा काढला. जमलेल्या लोकांपैकी एकानं शेवटी टाकीचं झाकण उघडून आत काडी घातली. टाकीत डिझेलच नव्हतं, काटा अर्ध्यावर अडकून बसला होता. अप्पा जराही खजील झाले नाहीत. "उपासानं बी जनावर पडतंय. मी येवढा वेळ दुसरं काय सांगायलो," असं म्हणून ते घरी जेवायला गेले.

अशा माणसाच्या हाती मी माझी गाडी का दिली, हे सांगतो.

माझी गाडी अठरा वर्षांची. उदगीरच्या मेहुण्याकडून घेतली. घरून निघाली की चांगली पळायची, पण अर्धा तास झाला आणि थोडा चढ लागला की दम तोडायची. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ओढच नाही. मागून ट्रक हॉर्न वाजवायला लागायचे, वेग बैलगाडीवर यायचा. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा काही झालंच नसल्यासारखी निघायची. रफीकभाईचं गॅरेज हायवेलाच आहे. त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "पंप गया है सर. निकालना पडता."

मी पंप काढायला हो म्हणून घरी आलो. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केस पेपर आणला आणि चष्मा लावला.

"दहा मिनिटं बसल्यावर बरी होती म्हणायलाव?"

"व्हय अप्पा."

"धूर काळा येतोय?"

"नाही."

"मग पंपाला कामून हात लावायलाव मास्तर? पंप झिजला तर झिजला. बसून आराम केल्यानं बरा व्हणारा पंप मी तर ऐकला न्हाई. हिला चारा कमी पडायलाय. आडवं काय आलंय ते बघायचं. तोंडापासून चालत जायचं, पोटापर्यंत."

गणिताचा मास्तर असून मला हे सुचलं नव्हतं, याचा राग आला. पंप काढण्याचं मी थांबवलं, आणि पुढचे चार दिवस अप्पांनी माझं जगणं नकोसं केलं.

पहिल्या दिवशी डिझेल चाखणं झालं. दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या खालचा नट सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल काढलं. ती बाटली रात्रभर आमच्या देवळीत ठेवायला लावली, तळाला पाणी बसतं का बघायला. बसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हुमनाबादच्या रस्त्याला नेलं. गाडीनं दम तोडल्याबरोबर खाली उतरून टाकीचं झाकण उघडायचं आणि कान लावायचा, असा हुकूम. झाकणाचं भोक बुजलं असेल तर आत हवा शिरताना फुस्स आवाज येतो. मी हायवेच्या कडेला वाकून टाकीला कान लावला. नेमकी तेव्हाच आमच्या शाळेतल्या मुलांनी भरलेली एस.टी. गेली. आवाज आला नाही. पुढं आठवडाभर नववीच्या वर्गात मात्र मी फळ्याकडं वळलो की मागून फुस्स ऐकू यायचं.

"झाकण निर्दोष," अप्पांनी केस पेपरवर लिहिलं.

चौथ्या दिवशी आम्ही रफीकभाईच्या दारात. अप्पांनी पाच लिटरचा कॅन आणि दोन पारदर्शक नळ्या नेल्या होत्या. टाकीला बाजूला ठेवायचं आणि गाडीला कॅनमधून डिझेल पाजायचं, असा बेत. एक नळी पाजायची, दुसरी उरलेलं परत कॅनमध्ये आणायची.

"अप्पा, पंपच है बोल रहा ना मैं," रफीकभाई म्हणाला.

"असंल. सलाइन तर लावून बघू," अप्पा म्हणाले. रफीकभाईनं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि नळ्या जोडल्या.

बॉनेट दोरीनं बांधलेलं, नळ्या खिडकीतून आत आलेल्या, आणि पुढच्या सीटवर गुरुपादप्पा मांडीवर डिझेलचा कॅन घेऊन बसलेले. अशा थाटात आम्ही हायवेवरून तासभर फिरलो. टोलनाक्यावरच्या माणसानं आत वाकून बघितलं आणि काही न विचारता आम्हाला जाऊ दिलं. ज्या चढावर गाडी रोज रडायची, त्या चढावर तिनं एका ट्रकला मागं टाकलं. मी खूश होऊन अप्पांकडं बघितलं. त्यांचं धोतर डिझेलनं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. "म्हंजे पंप चांगला हाय. दोष टाकीत हाय," ते एवढंच म्हणाले. पण पुढं गॅरेज येईपर्यंत हेच ते सहा वेळा म्हणाले.

टाकी उतरवली. आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. टाकीत फडक्याचा एक तुकडा तरंगत होता. गाडी पळायला लागली की तो हळूहळू ओढला जाऊन जाळीला चिकटायचा. गाडी थांबली की सुटून बाजूला व्हायचा. मेहुणा फनेलला फडकं लावून डिझेल भरत असे, त्याचा हा प्रसाद. बायकोला तुकडा दाखवला तर तिनं हिरवी किनार ओळखली. "वहिनीच्या परकराचा हाय," म्हणाली. माझ्या माहेरच्या गाडीत काही दोष नाही, असं ती वर्षभर सांगत होती. त्या दिवसापासून तिनं तो विषय सोडला.

रफीकभाईनं टाकी धुऊन बसवली. अप्पांच्या पाया पडायचं तेवढं त्यानं बाकी ठेवलं. अप्पांनीही त्याला पुरेसं छळलं. पंप म्हणजे काय, हे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी घराकडं वळणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "निल्ली, निल्ली. थांबा. ट्रायल घ्यावं लागतंय. निर्ण्याच्या रस्त्याला घ्या."

"हायवेलाच घेऊ की अप्पा, चढ तिकडं आहे."

"निर्ण्याला घ्या म्हणायलो न्हवं."

निर्णा गावाचा रस्ता चांगला नाही, चढ नाही, तिकडं माझं काम नाही. तरी घेतली. गावात शिरल्यावर अप्पांनी डावीकडं, उजवीकडं करत एका घरासमोर गाडी थांबवायला लावली. मला बॉनेट उघडायला सांगितलं आणि स्वतः खाली न उतरता समोर बघत बसून राहिले.

घरातून एक म्हातारी बाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला विभूती. दाराच्या पायरीवर बसून त्या मला म्हणाल्या, "कुणाची गाडी?"

"माझी. मी मन्नाएखेळ्ळीचा, मास्तर आहे."

"मागच्या खेपंला टेंपो होता. तेच्या आधी जीप. सगळ्या गाड्या माझ्याच दारात कामून तपासायच्या असतेत, तेवढं इचारा तेन्ला."

अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगा, हितं सावली हाय म्हणावं."

दारात एक वाळकं बाभळीचं खोड होतं. ऊन सरळ आमच्या टाळक्यावर होतं.

"च्या घेतेत का इचारा."

"नको म्हणावं. साखर बंद केलीय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून म्हणावं."

दोघांमध्ये अंतर दोन हातांचं. पण मी "दिवाळीपासून" असं पुन्हा म्हटल्याशिवाय म्हातारी पुढं बोलेना. मी म्हटलं. "म्हणूनच आवाज खंगलाय म्हणावं," त्या म्हणाल्या. मी तेही पोचवलं. मग त्या आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गिलास घेऊन आल्या. गिलास त्यांनी खिडकीशी धरला, पण अप्पांच्या हातापासून चांगला वीतभर लांब, हवेत. अप्पांनी पुढं वाकून तो घेतला.

परतीच्या वाटेवर मी विचारलं. त्या अप्पांच्या थोरल्या बहीण, शांताक्का. अकरा वर्षांपूर्वी त्यांची दुभती म्हैस आजारी पडली. अप्पांनी डॉक्टरला न बोलावता आपल्याच हुशारीवर औषध पाजलं आणि म्हैस मेली. अक्का भर गल्लीत म्हणाल्या की माझ्या भावानं मारली. अप्पा म्हणाले, ती मरणारच होती. तेव्हापासून बोलणं बंद.

"मरणारच होती का?" मी विचारलं. टोचायचंच होतं मला. चार दिवसांचा राग होता.

अप्पा धोतरावरचा डिझेलचा डाग चोळत राहिले.

"पाजायची नळी फुफ्फुसात गेलती," ते म्हणाले. "माझ्याच हातानं. गाडीचं बरं असतंय मास्तर. चुकलं तर परत खोलून बघता येतंय."

मग म्हणाले, "अक्काचे डोळे गेल्यात. गिलास कुठं धरला बघितलाव न्हवं? भिंत धरून चालायलीय. मोतीबिंदू पिकलाय. बिदरला न्यायला पायजे."

"मग न्या की."

"कसं नेऊ? आमचं बोलणं न्हाई."

मी गाडी माझी आहे म्हणालो. पेट्रोल पंप गेला, शाळा गेली. गल्लीत उतरताना अप्पा म्हणाले, "रविवारी तुमाला सुट्टी असती का?"

गाडी मास्तरची हाय म्हटल्यावर अक्का तयार झाल्या. बिदरला दोन खेपा झाल्या. पहिलीत तपासणी झाली, दुसरीत ऑपरेशन. मागच्या सीटवर अक्का आणि त्यांची सून, पुढं अप्पा, आणि सगळं बोलणं माझ्यामार्फत. भूक लागली का विचारा. गोळी घेतली का विचारा. भ्याली का विचारा. न्हाई म्हणावं. दवाखान्याच्या बाकावर मी त्या दोघांच्या मधोमध बसलो होतो. लघवीला उठलो, तर परत येईपर्यंत दोघं मुकाट.

ऑपरेशन करून अक्कांना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. बिदर सोडल्यावर एका ठिकाणी रस्त्याचं काम चाललं होतं. पुढच्या टिपरमधून लाल मुरमाची धूळ उडत होती आणि अप्पांच्या बाजूची काच खाली होती.

"गुऱ्या," मागून अक्का म्हणाल्या, "काच वर घे. धूळ यायलीय."

मी सवयीनं निरोप सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या गाडीच्या त्या काचेचा दांडा फार जड आहे. अप्पांनी तो दोन्ही हातांनी फिरवत काच पार वरपर्यंत नेली.

"घेतली, अक्का," ते म्हणाले.