महाराजांची गाडी परमुलखास निघाली त्याची हकीकत

श्री विघ्नहर्ता प्रसन्न असो, वाटेवरची सर्व दैवते राजी असोत आणि लिहिणाऱ्याचा हात घडल्याबाहेर न जावो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी, सकाळी साडेदहाचा सुमार. महाराजांची गाडी राजद्वारी उभी होती, नारळ फुटला होता, पुढल्या चाकांखाली लिंबे ठेविली होती, राणीसाहेब आत बसल्या होत्या, आणि गाडी निघाली नाही. घडले ते इतकेच. कारण ऐसे जे, महाराजांनी किल्ली फिरवावयाचा हात मागे घेतला आणि प्रधान भालचंद्रपंतांस विचारिले, "पंत, वायपरचं पाणी बघितलंत का?" पंत बोलिले, "काल बघितलं, सरकार." महाराज बोलिले, "काल. आज कोण बघणार?" मग पाणी पाहिले, ते काठोकाठ निघाले, आणि तितक्यात राहुकाळ लागतो ऐसे महाराजांच्याच ध्यानी आले आणि स्वारी खाली उतरली. लिंबे चाकांखालून काढून घेतली आणि दुपारी त्यांचे सरबत जाहले.

याचे मूळ कळण्यास दोन वर्षे मागे जाणे अवश्य. या राज्याच्या उत्तरेस डोंगरांपलीकडे एक परराज्य आहे. तेथील दोर्जी नामे गृहस्थाशी राजकन्या ऋजुताबाईंनी आपल्या मर्जीने लग्न ठरविले. महाराजांस ही सोयरीक मानवली नाही. लग्न त्यांवाचूनही जाहले, आणि पाठवणीचे दिवशी राजकन्या गाडीजवळ येऊन उभी राहिली. बापाने स्टेशनापर्यंत सोडावे इतकीच तिची इच्छा. महाराजांनी किल्ली कमरेस खोविली आणि बोलिले, "माझ्या गाडीचं चाक त्या मुलखाच्या वाटेला लागायचं नाही." राजकन्या बोलिली, "बरं, बाबा." आणि रिक्षा करून गेली. त्या दिवसापासून बापलेकीचे बोलणे खुंटले. जे कळावयाचे ते राणीसाहेबांच्या फोनवरून कळे. म्हणजे राणीसाहेब फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडीत बसत आणि महाराज शेजारच्या दालनात वर्तमानपत्राचे तेच पान धरून बसत. मग फाल्गुनात राजकन्या बाळंत जाहली, मुलगी जाहली, आणि फोनवर बोलिली, "आई, बारसं थांबवलंय. आजोबा आले की नाव ठेवू. पण विमानानं नकोत. जी गाडी मला स्टेशनवर सोडायला निघाली नाही, तीच माझ्या दारात येऊन उभी राहिली पाहिजे. अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघते. नाहीतर आमचं आम्ही नाव ठेवू आणि तुम्हांला कळवू." शेजारच्या दालनात वर्तमानपत्र खाली आले. महाराज होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "गाडी परमुलखात न्यायची म्हणजे तयारी लागते."

मग तयारीस आरंभ जाहला. परमुलखात गाडी चालविण्याचा परवाना काढिला, तेथे मानला जाईल ऐसा विमा उतरविला, गाडीच्या पाठीवर आपल्या राज्याची अक्षरे डकविली. परराज्याचा नियम ऐसा की गाडी रस्त्यात बंद पडल्यास मागे लाल त्रिकोण मांडावा आणि चालकाने पिवळे चकाकते जाकीट घालून बाहेर यावे. म्हणोन त्रिकोण आणिला, जाकीट आणिले. महाराज बोलिले, "त्रिकोण मोडला तर?" म्हणोन दुसरा आणिला. औषधांची पेटी आणिली, आग विझविण्याची नळकांडी आणिली, जॅक एक होता त्यास जोडीदार आणिला, दोर आणिला, तेलाचे डबे आणिले. आणि त्या राज्यात वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, आपल्या गाडीचे दिवे तेथे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, म्हणोन दिव्यांच्या काचांवर काळ्या पट्ट्या कापून ठेविल्या. उजवीकडून चालविण्याचा सराव पाहिजे म्हणोन महाराजांनी परेडच्या मैदानात चुन्याची रेघ मारविली आणि समोरून येणारे वाहन म्हणोन पंतांस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसविले. महाराज बोलिले, "पंत, हलू नका." पंत बोलिले, "सरकार, समोरचं वाहन हलतं." महाराज बोलिले, "तुम्ही हलू नका." या सरावात पंतांस धक्का लागला ऐसे गावात बोलतात, ते असत्य. धक्का खुर्चीस लागला. पंत तेव्हा उठले होते.

रथशाळेचे उस्ताद रज्जाकभाई यांजकडे गाडी इतके वेळा गेली की ती आपली वाट आपण ओळखू लागली. ब्रेक नवे बसविले, टायर नवे बसविले, पट्टा बदलला, बॅटरी बदलली. अखेर उस्तादांनी हात पुसले आणि बोलिले, "सरकार, आता या गाडीत बदलायचा फक्त ड्रायव्हर राहिलाय." महाराज हसले नाहीत. राणीसाहेब हसल्या, आणि मग हसणे आवरून बोलिल्या, "अहो, गाडी झाली तयार. निघायचं कधी?" महाराज बोलिले, "हॉर्न जरा बसल्यासारखा वाजतोय." गुढी उभारली आणि उतरविली, हनुमानजयंती जाहली, आणि नित्य काही उणे निघत राहिले. पोरीच्या दारात गेल्यावर गाडीतून उतरून पहिले वाक्य काय बोलावे, याची तयारी मात्र या सर्व सामानात कोठे दिसली नाही.

इकडे राणीसाहेबांची तयारी निराळी. लेक बाळंतीण, मुलूख थंड. म्हणोन त्यांनी डिंक तळला, खारीक कुटिली, खोबरे भाजिले आणि लाडू वळून मोठा पितळी डबा भरिला. मेतकुटाची बरणी केली, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. मग महाराजांस विचारिले, "डिकीत माझ्या डब्याला जागा आहे का?" महाराज बोलिले, "डिकीत सुरक्षेचं सामान आहे. लाडू तिकडं मिळत नाहीत का?" राणीसाहेबांनी डबा उचलून आत नेला. ज्यास या स्त्रीचा स्वभाव ठाऊक, तो येथेच सावध जाहला असता. पंचमीची स्वारी फसली त्याच दिवशी दुपारी, महाराज वामकुक्षी करीत असता, राणीसाहेबांनी उस्तादांस बोलावून डिकीचा तळ उचलविला. तेथे गोल खळग्यात स्टेपनी होती, म्हणजे पंक्चर जाहल्यास लावावयाचे जादा चाक. राणीसाहेब बोलिल्या, "हे इतक्या वर्षांत एकदा तरी लावलंय का?" उस्ताद बोलिले, "नाही, बाईसाहेब. पण—" राणीसाहेब बोलिल्या, "मग बसून खाणाऱ्याला कशाला नेता. काढा." स्टेपनी निघाली ती जिन्याखाली गेली, आणि खळग्यात डबा बसला, तो जणू मापाने घडविला होता. भोवती दुपटी खोचली, बरणी कडेस लाविली, वर तळ टाकिला, त्यावर महाराजांचे सामान पूर्ववत रचिले. पंतांनी हे पाहिले. पंतांस दोन लाडू मिळाले आणि पंतांनी काही पाहिले नाही.

मग दुसरे दिवशी सकाळी राणीसाहेब गाडीत बसल्या आणि बोलिल्या, "मी आता उतरत नाही." महाराजांनी टायरांतील हवा मोजविली, राणीसाहेब बसून राहिल्या. महाराजांनी आरसे पुसविले, राणीसाहेबांनी चहा गाडीतच मागविला. महाराज बोलिले, "लिंबं ठेवली नाहीत." राणीसाहेब बोलिल्या, "सरबतात संपली. चला." आणि गाडी निघाली. महाराज चालविण्यास, राणीसाहेब शेजारी, मागे पंत, त्यांच्या मांडीवर औषधांची पेटी.

वाटेत मुक्काम करीत करीत स्वारी वैशाख शुद्ध द्वितीयेस भर दुपारी सीमेच्या नाक्यावर पोहोचली. महाराज सकाळपासून पिवळे जाकीट घालून होते. परराज्याच्या नाकेदारीण तरुण होत्या, बोलण्यात नरम. बोलणे हिंदीत जाहले ते येथे मराठी करून लिहिले आहे. त्या बोलिल्या, "आजोबा, जाकीट गाडी बंद पडली तर घालायचं." महाराज बोलिले, "असू दे." मग परवाना दाखविला, विमा दाखविला, डिकी उघडून सर्व सामान रस्त्यावर ओळीने मांडिले. नाकेदारीण बोलिल्या, "त्रिकोण दोन कशाला?" महाराज बोलिले, "एक मोडला तर." त्या बोलिल्या, "इतकी तयारी करून कोणी येत नाही." महाराजांच्या मुखावर तेज आले. मग त्या बोलिल्या, "आता जादा चाक दाखवा, की झालं." महाराजांनी आपल्या हाताने तळ उचलिला.

तेथे डबा होता. मग नाकेदारीण बोलिल्या, "हे काय आहे?" राणीसाहेब बोलिल्या, "लाडू. मुलगी बाळंत झालीय तुमच्या राज्यात." "आणि चाक?" "घरी. जिन्याखाली." नाकेदारीण बोलिल्या, "मावशी, पुढं सगळा घाट आहे. जादा चाकाशिवाय गाडी सोडायचा हुकूम नाही. माणसं जाऊ शकतात, पलीकडं जीप मिळेल. गाडी इथं राहील." महाराज राणीसाहेबांकडे वळले आणि बोलिले, "मी महिनाभर एवढी तयारी केली—" राणीसाहेब बोलिल्या, "केलीत ना. त्यात माझ्या डब्याला जागा कुठं ठेवलीत?" मग पंतांनी पुढे होऊन हळूच म्हटले, "सरकार, परत फिरावं. कायद्यानंच अडवलंय. आपल्याकडं कोणी बोट दाखवणार नाही."

येथे इतके नोंदविणे अवश्य, की न जाण्याचे जे कारण महाराज इतके दिवस शोधीत होते आणि जे हॉर्नात, आरशात, वायपरच्या पाण्यात कोठेही पुरतेपणी सापडले नाही, ते आता परराज्याने शिक्कामोर्तब करून हाती दिले होते. चूक राणीसाहेबांची, हुकूम परक्यांचा, आणि दोन वर्षांपूर्वीचा बोलही शाबूत. चाक त्या मुलखास लागले नसते. महाराज रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि बोलिले, "फोन दे."

राणीसाहेबांच्या फोनचा स्पीकर कायमचा सुरू, म्हणोन बोलणे सर्वांनी ऐकिले. महाराज बोलिले, "ऋजू." पलीकडून "बाबा?" ऐसे आले. महाराज बोलिले, "नाक्यावर आहे. गाडी अडवलीय." "का?" "स्टेपनी नाही." राजकन्या बोलिली, "तुमच्या गाडीत? स्टेपनी नाही?" महाराज बोलिले, "तिथं लाडू आहेत. तुझ्या आईनं ठेवलेत." यावर राजकन्या हसली की रडली याविषयी पंत एक सांगतात आणि राणीसाहेब दुसरे सांगतात. मग ती बोलिली, "बाबा, दोर्जीकडं हीच गाडी आहे. मीच घ्यायला लावली. त्याची स्टेपनी तुम्हांला बसेल. तो घेऊन येतो. चालेल?" महाराजांनी नाक्याकडे पाहिले, डोंगराकडे पाहिले, उघड्या खळग्याकडे पाहिले. बोलिले, "त्याला म्हणावं, घाटात सावकाश ये." आणि थोडे थांबून बोलिले, "उजवीकडून." राजकन्या बोलिली, "बाबा, तो रोज उजवीकडूनच चालवतो." मागे मूल रडू लागले. महाराज बोलिले, "रडतेय ती." राजकन्या बोलिली, "भूक लागलीय तिला. ठेवते." आणि फोन बंद जाहला, महाराजांनी तो कानापासून काढिला नाही.

मग नाकेदारिणींस विचारिले असता त्या बोलिल्या, "चाक कोणाचं का असेना, या गाडीला बसलं पाहिजे. बसवून दाखवा, मी सोडते." मग खळगा रिकामा करणे आले. डबा काढिला, आणि डिकीत त्यास तेव्हाही जागा नव्हती. पंत बोलिले, "द्या, सरकार, मी धरतो." महाराजांनी दिला नाही. पंत बोलिले, "पण डबा मांडीवर घेऊन गाडी कशी चालवणार?" महाराज डबा घेऊन कठड्याकडे चालू लागले.

एवंच, महाराजांची गाडी पुढली चाके परराज्याच्या रेघेस टेकवून उभी आहे. तयारीत उणे काही नाही, एका चाकावाचून. आणि जे चाक त्या मुलखास न लावण्याचा बोल होता, ते आता त्याच मुलखातून येणे आहे. दोर्जी निघाल्याचा निरोप दुपारी दोन वाजता आला. दोर्जींची गाडी एक साल नवी. तिच्या चाकास महाराजांच्या गाडीप्रमाणे नट चार की पाच, हे कोणास ठाऊक नाही, लावून पाहावे लागेल. उद्या अक्षय तृतीया. हे लिहितेवेळी महाराज कठड्यावर बसून आहेत, पिवळे जाकीट अंगात, डबा मांडीवर, आणि गाडीची किल्ली डब्याच्या झाकणावर ठेविली आहे.